लाल रेक्झिनमधली कादंबरी

रविवार, संध्याकाळ. घाटकोपर.

आज चिडायचं कुणावर तेच कळत नाहीये. ज्या रहस्यकथाकाराच्या पुस्तकांची सूची मी इतकी वर्षं करतेय, त्याची पहिली कादंबरी आज हातात आली. सूचीत तिच्यापुढे कायम ‘प्रत मिळाली नाही’ असंच लिहीत आले. आणि मिळाली ती अशी, मुखपृष्ठच नसलेली!

मानखुर्दच्या गायकवाडकाकांची पूर्वी लायब्ररी होती. परवा फोनवर म्हणाले, “सापडली गं, ये घ्यायला.” दुपारी धावत गेले. काकांनी ती नव्या लाल रेक्झिनमध्ये बांधून घेतलेली, कडासुद्धा कापून सरळ केलेल्या.

“काका, मुखपृष्ठ कुठंय? आणि पहिलं पान?”

“फाटकं होतं, टाकून दिलं. तुला भेट द्यायची तर नीट नको?”

प्रकाशक, साल, सगळं त्याच पानांवर असतं. आता सूचीत काय लिहू, लाल रेक्झिन? पण ते इतके खुशीत होते की मी “झकास” म्हणून मोकळी झाले. का म्हटलं तसं? खरं सांगता आलं असतं ना? त्या मुखपृष्ठावर चित्र काय असेल, हे आता कधीच कळणार नाही.

आत्ताच काकांचा फोन आला होता. “बाइंडिंग आवडलं ना तुला? माळ्यावर त्याच लेखकाच्या अजून चार कादंबऱ्या निघाल्यात. उद्या त्याही टाकतो बाइंडरकडे.”

“काका, हात लावू नका!” मी ओरडलेच. “मला फाटक्याच हव्यात.”



“बरं बाई, फाटक्या तर फाटक्या. ये.”

रिक्षा बोलावलीय. निघते.