टक्क न वाजणारं बटण

३ फेब्रुवारी, सोमवार
जयवंता भावाकडे गेली, मोहोपाड्याला. हाताला प्लास्टर, इथे लोधिवलीत तिचं करणार कोण, म्हणून. योग्यच. प्लास्टर निघालं की येईल. शिवणाचं मशीनही टेंपोत घालून नेलं. एका हाताने काय शिवणार, देव जाणे. बहुधा सर्व्हिसिंगला.

पडली ती बटणामुळे. पुढच्या खोलीच्या दिव्याचं बटण दाराशी, पलंग मागच्या खोलीत. रोज दिवा बंद करून अंधारात परत यायचं, मध्ये एक पायरी. मी गाढ झोपेत होतो, नाहीतर उठलोच असतो. पलंगापाशी एक बटण लावा असं ती लग्नापासून म्हणते हे खरं. पण कामात घाई मला चालत नाही. रसायनीच्या कंपनीत जन्मभर इन्स्ट्रुमेंटेशन सांभाळलं ते काय उगाच?

संकल्प: ती यायच्या आत बटण.

५ फेब्रुवारी
चौकला मनोजच्या इलेक्ट्रिक दुकानात गेलो. तो म्हणाला, काका, जिन्याला लावतात तसलं टू-वे लावा, दुपारपर्यंत काम होतंय. हसू आलं. टू-वे म्हणजे दोनच ठिकाणं. जयवंता स्वयंपाकघरातही असते. तिच्यासाठी तीन हवीत. म्हणून लॅचिंग रिले. कुठल्याही बटणावर बोट टेकवून सोडलं की रिलेला एक पल्स जातो, दिवा लागतो. पुन्हा टेकवलं की विझतो. मधल्या वेळात दिवा जसा असेल तसा तो धरून ठेवतो. मनोजने ऐकून घेतलं, मग म्हणाला गिऱ्हाईक खोळंबलंय.

११ फेब्रुवारी
निवड वाटते तितकी सोपी नाही. कॉइलवाला रिले दर वेळी टक्क वाजतो. जयवंताची झोप सावध. म्हणून इलेक्ट्रॉनिक.

पण त्यातही दोन जाती. एकाला लाइट गेली की काही आठवत नाही, आल्यावर तो बंदच राहतो. दुसरा लक्षात ठेवतो. दिवा चालू होता तर लाइट आल्यावर पुन्हा चालू करतो. आपल्याकडे लाइट जाण्याला काही धरबंध नाही. विसरणारा घ्यावा की लक्षात ठेवणारा? आठवडाभर हाच विचार. शेवटी लक्षात ठेवणारा. जयवंतालाही सगळं लक्षात राहतं.

१६ फेब्रुवारी, रविवार
मेव्हण्याचा फोन. नरेश म्हणतो, दाजी, तायचा हात बरा हाय, पन तुमी एकदा येऊन जा, ती काय आपनहून सांगायची नाय. मी म्हटलं, रिकाम्या हाताने कसा येऊ? मॉडेल फायनल व्हायचंय. पलीकडून फोन कट झाला. रेंज नसावी.

२ मार्च
प्लास्टर निघालं. दवाखान्यात मी जाणारच होतो, पण त्याच दिवशी रिलेचं पार्सल यायचं होतं. आलं दुसऱ्या दिवशी. जयवंता तिथल्या कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवते म्हणे. चांगलंय. हाताला व्यायाम हवाच.

होळीला आणायला जायचं. नक्की.

८ मार्च
बसवला! दाराशी, स्वयंपाकघरात, पलंगापाशी अशी तीन बटणं, तिन्हींत लाल इंडिकेटर. अंधारात तिला चाचपडावं लागू नये. एवढा विचार कुठला नवरा करतो?

९ मार्च
दिवा आपोआप लागतो, आपोआप विझतो. इंडिकेटरमधून थोडा करंट झिरपतो, रिले त्यालाच पल्स समजतो. मला हे माहीत होतं. लक्षात राहिलं नाही.

शेजारच्या चंद्राबाई कुंपणापाशी आल्या. आली का रं जयवंता, दिव्याची उघडझाप दिसते म्हनून इचारलं, असं म्हणाल्या. येतेय म्हणालो. मग वालाचं बिरडं देऊन गेल्या, दोघांना पुरेल एवढं. दोन्ही वेळा तेच खाल्लं.

१५ मार्च
होळी झाली. गेलो नाही. बिघडलेली सिस्टिम दाखवायला बायकोला आणायचं म्हणजे आपणच आपली शोभा. इंडिकेटरवाली बटणं काढून साधी लावली. आता अंधारात सापडत नाहीत, पण रिले एकदम चोख.

पाडव्याला जायचं. काळ्या दगडावरची रेघ.

३० मार्च, गुढीपाडवा
सकाळीच मोहोपाडा. रिलेचं खोकं पिशवीत घेतलं होतं. जयवंता मशीनवर बसली होती. मनगट जरा वाकडं राहिलंय. चहा दिला. मी सगळं समजावलं, पल्स, तीन बटणं, लाइट गेली तरी लक्षात ठेवणं. तिने मन लावून ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. एवढं तिने कधी ऐकलं नव्हतं, मला फार बरं वाटलं.

मग तिने विचारलं, मी पडले तवा तुमाला हाक मारली, तुमी जागे होता ना? मोबाइलचा उजेड दिसत होता.

मी सांगितलं की हा रिले सोळा अँपिअरपर्यंत घेतो.

ती बरं म्हणाली. नरेशच्या बायकोने श्रीखंड वाढलं. निघताना जयवंता फाटकापर्यंत आली, गोळ्या वेळेवर घेत जा म्हणाली. चल म्हणायचं तोंडावर आलं होतं. तेवढ्यात एसटी आली.

३१ मार्च
काल घरी पोचलो तर लाइट नव्हती. न जेवताच आडवा झालो. लाइट आली आणि पुढच्या खोलीतला दिवा लागला. सकाळी निघताना मीच चालू ठेवला होता, दोघं घरात शिरू तेव्हा उजेड असावा म्हणून. रिलेने बरोबर लक्षात ठेवलं.

कुंपणापलीकडून चंद्राबाईंची हाक आली, आली का रं?

नाही म्हणालो.

पलंगापाशी बटण होतं. हात पोचत होता. तरी उठलो, पुढच्या दारापर्यंत गेलो, तिथून दिवा बंद केला आणि भिंत चाचपत परत निघालो. पायरी कुठे आहे ते कळलंच नाही. गुडघा चांगलाच सोलला. खाली बसल्या बसल्या जयवंताला हाक मारली. मग आठवलं, मागच्या खोलीत कोणी नाही.