जंगी आणि जरा

अण्णा, आज दुकान आवरताना तुमचे ते दोन लाकडी ठोकळे सापडले. 'जंगी' शब्दाचे, अजून त्याच फडक्यात बांधलेले. छापखान्यात खिळे जुळवण्यात तुमचं आयुष्य गेलं, पण हे ठोकळे तुम्ही वर्षातून एकदाच बाहेर काढायचात, सगळ्यात मोठ्या कुस्ती मैदानाच्या पोस्टरला. बाकीच्या मैदानांना नुसतं 'कुस्त्या', आयोजक कितीही हटून बसले तरी.

नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर शिकून आलो आणि पहिल्याच महिन्यात एका साडीवाल्याच्या हँडबिलावर 'जंगी सेल' छापलं. तुम्ही तो कागद हातात धरून उभे राहिलात, चष्मा कपाळावर. "लुगड्यांच्या दुकानात कोन कुस्ती खेळनार हाय व्हय रं? आनि मैदानाला काय लिव्हशील?" मी म्हणालो, "महाजंगी!" गिऱ्हाईक खो-खो हसलं. तुम्ही त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेलात, आणि आईनं मला झाप झाप झापलं.

पुढे फ्लेक्स आले आणि मी खरोखरच 'महाजंगी' छापू लागलो. वाढदिवसाचा प्रत्येक पोरगा धडाडीचा, झंझावाती. गिऱ्हाइकंही तसंच बोलायची, "जीव चाललाय पावणं, आत्ताच्या आत्ता पायजे की!" मी त्यांच्यासाठी धावायचो. आई गेल्यावर तुम्ही घरी एकटेच. एका सकाळी तुमचा फोन आला. "छातीत जरा दुखतंय. सवड झाली की ये."

मी फक्त 'जरा' ऐकलं. शब्द इतका जपून वापरणारा माणूस उगाच फोन करणार नाही, हे मला कळायला हवं होतं. मी हातातला फ्लेक्स पुरा केला, जेवलो आणि मग निघालो. तुम्ही कॉटवर भिंतीला टेकून बसला होता. अंगात धुतलेला शर्ट, पायात चपला. दवाखान्यात जायला तयार होऊन माझी वाट बघत होता. हात गार पडले होते.

चौकात लावायचा फलक मीच केला. 'दुःखद निधन' कॉम्प्युटरमध्ये तयारच होतं, आधीच्या कुणाचं तरी. दुसरा शब्द शोधत बराच वेळ बसलो. सगळेच वापरून झाले होते, बहुतेक माझ्याच हातून. शेवटी नुसतं नाव बदललं.

हा कागद त्याच फडक्यात बांधून ठेवतोय. एकच सांगायचं राहिलंय. कुणी विचारलं की इतकी वर्षं मी सांगत आलोय, अण्णा अचानक गेले. अचानक नव्हतं, अण्णा. तुम्ही मला सांगितलं होतं.