तिसऱ्या बेसवरची खूण

कोल्हापूर
शनिवार, १ फेब्रुवारी २०२५. संध्याकाळचे ७ वाजून १० मिनिटे. चर्चच्या ओट्यावर ग्लोव्हची उसवलेली शिवण घालत होतो, ते बाजूला ठेवून लिहितो.

प्रिय सगुणामावशीस,
शमुवेलचा सप्रेम सलाम वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून पत्र. मुरगूडला थंडी आहे का? गुडघ्याला तेल लावतेस ना?

पाळकसाहेबांनी वस्तीतल्या पोरांसाठी बेसबॉल सुरू केला आणि मी शाळेत दोन वर्षं खेळलो म्हणून शिकवायचं काम मला दिलं, हे तुला ठाऊक आहे. इथं सगळे फुटबॉलवाले. लोक विचारायचे, हे दांडकं कुणाला हाणायला आणलंय? तरी बारा पोरं जमवली. मैदानातले खडे मी वेचले. घरोघरी जाऊन आयांना सांगितलं की पोरगं बिघडणार नाही आणि प्रार्थनेला उभं राहायचं की नाही ते त्याचं तो ठरवील.

दिवाळीनंतर अमरसिंह आला. खेळाच्या शिक्षणाची पदवी, बुलेट, झुपकेदार मिशी. पाळकसाहेब म्हणाले, तुला मदत होईल. आता बुलेटचा आवाज आला की पोरं माझं बोलणं अर्धं टाकून फाटकाकडे पळतात. मी तीन महिने शिकवलेली बॅट धरायची रीत त्याने एका दिवसात बदलली. पोरांचा फटका सुधारला, हे खरं आहे. ते मला आवडलं नाही, हेही खरं आहे.

माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे. धावायच्या खुणा. तिसऱ्या बेसजवळ, म्हणजे रन पूर्ण होण्याआधीच्या शेवटच्या टप्प्याशी, उभं राहून मी टोपीला हात लावला की पोराने थांबायचं, मिशीवरून बोट फिरवलं की रन काढायला होमकडे सुटायचं. मला धड मिशी नाही, त्यामुळे समोरच्या संघाला शंका येत नाही. खुणा कुणाला सांगायच्या नाहीत, अशी पोरांना ताकीद आहे.

परवा अमरसिंहने विचारलं, शमूदा, पळायच्या खुणा काय ठेवल्यात? मी म्हटलं, निवांत सांगतो. ९ तारखेला, रविवारी, पोरांची पहिली मॅच आहे. त्याच वेळी लहान मुलांचा माझा बायबल वर्ग. तो बुडवायचा नाही, असं पाळकसाहेब म्हणाले. म्हणजे तिसऱ्या बेसजवळ अमरसिंह उभा राहणार. विचार करताना त्याचा हात मिशीवर जातो.

मी काही केलेलं नाही, मावशी. फक्त सांगितलं नाही.

तुझी माया आहे तशी असू दे.
तुझा,
शमुवेल


मुरगूड
४ फेब्रुवारी

चि. शमूस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

गुडघा हाय तसाच हाय, तेलानं काय होतंय. थंडी बेताची. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला तुझा कान धरावासा वाटला.

लहानपणी मी शेजारच्या पोरीला मांडीवर घेतलं की तू मागनं येऊन माझी वेणी ओढायचास. चोवीस वर्षांचा घोडा झालास, वेणी ओढायची सोडली न्हाईस. अरे, मॅच गेली तर त्या बुलेटवाल्याचं काय जातंय? तो दुसरीकडं शिकवील. पळणारं पोरगं तोंडावर पडणार. त्याच्या आईच्या दारात कोण गेलतं? तूच की.

हे पत्र हातात पडल्याबरोबर त्याला सांग. मला उत्तर मागनं लिही. जेवणाकडं लक्ष दे, गेल्या वेळी खांद्याची हाडं दिसत होती.

रागावले म्हणून माया कमी झाली असं समजू नको.
तुझी,
मावशी


कोल्हापूर
गुरुवार, १३ फेब्रुवारी. सकाळचे ६ वाजून २० मिनिटे. कारखान्याला जायच्या आधी चहा ठेवला आहे.

प्रिय मावशीस,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी पोचलं. शनिवारी सांगायचं ठरवून मैदानावर गेलो. अमरसिंहचा वाढदिवस होता. पोरांनी त्याच्या तोंडाला केक फासला होता. माझा जानेवारीत झाला, कुणी विचारलंही नाही. तो तसाच मिठी मारायला आला, या शमूदा, म्हणाला. शर्ट खराब होईल म्हणून मी मागे सरलो आणि न सांगता घरी आलो.

रविवारी मी वर्गात होतो, मॅचचं पोरांकडून कळलं: शेवटच्या डावात आपण एका रनने मागे होतो. दोन बाद. आपल्या बारांतला पृथ्वीराज तिसऱ्या बेसवर. अमरसिंहने विचार करता करता मिशीला पीळ दिला आणि पृथ्वीराज सुटला. चेंडू होमवरच्या कॅचरच्या हातातच होता, पृथ्वीराज बाद. मॅच तिथंच संपली. पोरगं धुळीत बसून रडलं, सर, तुम्हीच खूण केली की, म्हणालं.

अमरसिंहने सगळ्यांसमोर सांगितलं, चूक माझी, मी इचारायला पायजे होतं. रात्री मला फोन करून म्हणाला, शमूदा, गडबडीत तुमचं सांगायचं राहिलं असंल. मी हो म्हटलं, मावशी.

काल तो मैदानावर आला तो मिशी काढून. गल्लीतली म्हातारी माणसं त्याला थांबवून विचारत होती, घरात कोण गेलं? मागनं त्याचे वडील आले, ते ओरडत होते, मी जिता हाय की रं! अमरसिंह म्हणाला, बारा पोरांची सवय मोडण्यापरीस एक मिशी गेलेली परवडली, म्होरच्या आठवड्यात दुसरी मॅच हाय.

तेव्हा मी सांगितलं. राहिलं नव्हतं, मी मुद्दाम ठेवलं होतं. पोरांसमोरच सांगितलं.

मग अमरसिंह म्हणाला, वस्तरा तुमच्या मिशीवर फिरायला पायजे होता की, पावणं. पोरं हसली. आजवर तो मला शमूदा म्हणत होता. पृथ्वीराज हसला नाही. तो बॅट उचलून अमरसिंहच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

पुढच्या मॅचला वर्ग पाळकसाहेब घेणार आहेत, मी मोकळा आहे. तरी तिसऱ्या बेसजवळ अमरसिंहच हवा, असं पोरांनी ठरवलं. मी त्याला सगळ्या खुणा शिकवल्या, प्रत्येक दोनदा करून घेतली. मिशीवाली त्याला जमत नव्हती, हात जागेवर जाऊन थांबत होता. बिनमिशीचा तो पोरांना आणखीच आवडतो. तुला खोटं लिहीत नाही, मला अजून जळतंय.

चहा उतू गेला. कान धरायला येऊन जा.
तुझा,
शमुवेल

ता. क. तू दिलेल्या हजाराचा हिशेब: चेंडू दोन, ७०० रु. शिवणीचा दोरा व सुई, ४० रु. शिल्लक २६० रु. देणे: अमरसिंहला न्हाव्याचे ६० रु. दोनदा दिले, दोनदा त्याने परत केले. अजून देणेच आहे.