पोहे पेरलेलं शेत

मी, ॲनी सॉलोमन किहीमकर, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त सुईण, राहणार हॅलिफॅक्स, कॅनडा, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. मला जागेपणीही स्वप्नं पडतात हे मी त्यांना सांगितलं. त्यांची हरकत नाही. इथल्या एका मदतसंस्थेनं मला तरुणपणी आफ्रिकेत मलावीला पाठवलं आणि उभी हयात तिथं बाळंतपणं करण्यात, सुइणी घडवण्यात गेली. आता धुक्यात फेरीबोटीचा भोंगा झाला की मला तिथल्या सरोवरावरची आगबोट वाटते, आणि मी उठून बॅग शोधू लागते.

१. माझे धाकटे बंधू सेसिल, मुक्काम टोरोंटो, यांना बाबांचं घड्याळ व प्रार्थनेची पुस्तकं. बँकेतली शिल्लक त्यांच्या मुलाला, योनातनला. तक्रारीला जागा नसावी, तरी ते शोधून काढतीलच.

२. मलिद्याचं मोठं ताट तमांडाला. ती एसनाटची लेक. एसनाट माझ्या जोडीची सुईण; एका कंदिलाच्या उजेडात आम्ही वर्षानुवर्षं कामं केली. तमांडा जन्मली तेव्हा आम्हा बेने इस्रायलींच्या रीतीप्रमाणे मी एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा केला. ब्लँटायरच्या गुजराती दुकानातले पोहे, गूळ, खोबरं. प्रार्थना म्हणून ताट गावच्या बायांकडे दिलं. मंतरलेलं धान्य खायचं कसं, म्हणून त्यांनी ते गूळखोबऱ्यासकट शेतात पेरलं! मुंग्यांची चंगळ झाली. कांडलेले पोहे उगवत नाहीत, हे सांगायला माझी जीभ रेटेना. अजून मला ते शेत दिसतं, कमरेइतकं वाढलेलं, ओलं, आणि एसनाट त्यातून चालत येते. ती गेली. मला तिची फार आठवण येते.

३. हे घर, बेसमेंटसह, तमांडाला. ती इथं राहून नर्सिंग शिकते. सेसिल फोनवर म्हणाला, "ताई, बी प्रॅक्टिकल. घर फॅमिलीत राहू दे. ती टेनंट आहे, दुसरं अपार्टमेंट बघेल."

"रोज औषधावरून मला ओरडते, ती कसली रे टेनंट?"

माझ्यामागे तिला या घरातून कोणीही, कोणत्याही सबबीवर, बाहेर काढू नये. ही विनंती नव्हे. एसनाटच्या लेकीला बर्फात घर शोधत फिरावं लागलं, तर मला कबरीतही चैन पडणार नाही.

४. आज सह्यांसाठी शेजारचे मिलिंद व सुरेखा आले. तमांडानं चहा आणला आणि पेन उचललं. मराठी ती लहानपणीच माझ्याकडून शिकली.

"आँटी, मीपण विटनेस म्हणून साइन करते."

"नाही गं, तुझी सही चालणार नाही."

तिचा चेहरा उतरला. मिलिंदला राहवेना. "अगं, ज्याच्या नावावर काही ठेवलंय, त्यानं विटनेस व्हायचं नसतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "काय ठेवलंय?"

"घर," मी म्हटलं.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. मग पेन माझ्यापुढे सरकवून म्हणाली, "मग मी साइन करत नाही."

वरील मजकूर माझ्याच हातचा असून वाचून, समजून सही केली आहे.

ॲनी सॉलोमन किहीमकर

समक्ष साक्षीदार:
मिलिंद वझलवार
सुरेखा वझलवार

हॅलिफॅक्स, १४ नोव्हेंबर २००९