धाकट्याला कामाला लावताना

३ फेब्रुवारी
आजपासून नियमित लिहिणार. प्रश्न सोपा आहे, लोकांनी उगाच अवघड करून ठेवलाय. लाकडाच्या भुश्शातली साखर खाऊन अल्कोहोल करताना आमचं यीस्ट मध्येच अडकतं. साखर पचवणारं पहिलं एन्झाइम एनएडीपीएच नावाचं पेशीतलं चलन मागतं. दुसरं एनएडीएच तयार करून नुसता ढीग लावतं. मी एनएडीपीएचला थोरला आणि एनएडीएचला धाकटा म्हणतो. सख्खे भाऊच; थोरल्याला एक फॉस्फेट जास्त, एवढाच काय तो रुबाब. थोरला संपतो, धाकटा बसून राहतो, यीस्ट हात वर करतं. पहिल्या एन्झाइममध्ये थोडा बदल करून त्याला धाकट्यावर भागवायला लावायचं, की झालं. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. तरी सुचलं मलाच.

(खरं तर डॉक्टरेटवाल्यांनाही सुचलं होतं. पण माझ्यानंतर. बहुतेक.)

७ मार्च
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, महिनाअखेर निकाल नाही तर प्रयोगशाळा बंद. डॉक्टरेटवाले कुठेही लागतील, तुमचं काय? खाली आंबवण्याच्या टाक्यांवर सुपरवायझरची जागा आहे, घेऊन टाका. विचार करून सांगतो म्हटलं. केला नाही.
बायको म्हणाली, हो म्हणून मोकळे व्हा, या वयात दुसरं कोण विचारणार आहे? तिला विज्ञानात गती नाही.

१२ मार्च
बदललेली एन्झाइमं तयार. चाचणीचं द्रावण स्वतः बनवलं. पीएच बरोबर साडेचार. यीस्टला आंबट आवडतं, हे पुस्तकात शोधावं लागत नाही. टाकीपाशी उभं राहिलं की नाकालाच कळतं.

१३ मार्च, संध्याकाळी
जमलं!! धाकटा खर्च झाला की मशीनवरचा आकडा उतरतो. उतरला, धडाधड. पहिल्या नमुन्यात, दुसऱ्यात, पाचव्यातही. एकही नापास नाही. हात चांगला असला की असं होतं.

१४ मार्च
टाक्यांची जागा नाकारली. साहेब म्हणाले, नक्की? मी नुसता हसलो. बायको हसली नाही. जेवताना मीठ मागितलं तर बरणी समोर आपटून आत गेली.

१९ मार्च
मुलीचा फोन. परगावी हाच विषय शिकते. म्हणाली, बाबा, ब्लँक चालवलात ना? म्हणजे एन्झाइम न घालता तीच नळी. म्हटलं, रिकाम्या पातेल्याची चव कोण घेतं? म्हणाली, पातेल्यालाच वास येत असेल तर घ्यावी लागते. वर हेही, की यीस्टला आंबट बाहेर चालतं, पेशीच्या आत नाही. आणि आंबटात एनएडीएच आपोआपच मोडतो.
आईवर गेली आहे.

२४ मार्च
नवं एन्झाइम यीस्टमध्ये घातलेलं आहे. यीस्ट अजून अडकलेलंच. बिचकलं असेल. ब्लँकला वेळ नाही, साहेबांसमोर बोलायची तयारी चालू आहे. झोप नीट नाही. हवेमुळे.

२८ मार्च
ब्लँक लावला. निव्वळ पोरीच्या समाधानासाठी.
आकडा उतरला.
मशीन गरम झालं असणार. बंद करून पुन्हा लावलं. उतरला.

त्याच दिवशी, दुपारी
सगळे आकडे शेजारी ठेवून पाहिले. रिकामी नळी माझ्या सर्वोत्तम नमुन्याच्या थोडी पुढेच आहे. म्हणजे एन्झाइमनं खोळंबाच केला.

३१ मार्च
साहेबांना सांगितलं. ते रागावले नाहीत, उद्यापासून प्रयोगशाळा बंद, एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.
येताना सहज टाक्यांकडे वळलो. जागा परवाच भरली. नव्या सुपरवायझरनं बसायला स्टूल दिलं. बसलो नाही. नाकाला तोच आंबट वास.
घरी बायको मुलीशी फोनवर बोलत होती. माझं तोंड बघून तिनं काही न विचारता फोन माझ्या हातात दिला. म्हटलं, बाबांनी ब्लँक चालवला. पोरगी म्हणाली, मग? म्हटलं, पहिला आला.
ती हसली नाही. म्हणून मीच म्हणालो, पेशीच्या आत असतो तसा पीएच सात घ्यायला हवा होता, आता सातच घेणार.
कुठे, ते तिनं विचारलं नाही. जेवलात का, एवढंच विचारलं.