काळजी-तज्ज्ञ, सहा वर्षांचा अनुभव

३ मार्च, मंगळवार

फरशांचा बाजार झाला, कुत्र्यांच्या शाम्पूंचा झाला, आता हे! साहेबांनी नव्या अहवालाचा विषय टेबलावर टाकला — लहान मुलांची दुर्मिळ, तीव्र, आनुवंशिक फिटचा आजार : औषधांचा बाजार, पुढची दहा वर्षं. "तुम्हाला यातलं काही ठाऊक नसणार, पण शिकाल." मी म्हटलं, "प्रयत्न करते, सर." आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात रुमाल कोंबून हसले.

माझ्या भुंग्याला पाचव्या महिन्यापासून हाच आजार आहे! भुंगा म्हणजे माझी लेक, वय वर्षं सहा. बोलत नाही, दिवसभर गुणगुणते, म्हणून भुंगा. ऑफिसात कुणाला पत्ता नाही. मागच्या नोकरीत सांगितलं, तर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले आणि चांगली कामं दुसऱ्यांना गेली. या खेपेला तोंडाला कुलूप.

५ मार्च, गुरुवार

अहवालाचा साचा ठरलेला. 'वाढीला पोषक बाबी', मग 'अडथळे'. अडथळ्यांत आधीच छापलंय — रुग्णसंख्या अत्यल्प. म्हणजे पुरेशी मुलं आजारी पडत नाहीत, अशी तक्रार! साहेबांना विचारलं, हे असंच ठेवू? "आलेख चढता ठेवा, बाकी बघू."

फरशांचाही चढताच होता.

९ मार्च, सोमवार

अहवालाला एक तरी तज्ज्ञ लागतो. डॉक्टरांना वेळ नाही. मी ठोकून दिलं — 'एक ज्येष्ठ काळजी-तज्ज्ञ, सहा वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव.' यात खोटं अक्षर नाही! नवरा जहाजावर, मी ऑफिसात. भुंग्याला दिवसभर सांभाळतात सासूबाई.

त्यांची मुलाखत भाजी निवडता निवडता घेतली. "लिही — ब्लेडने गोळीचे चार तुकडे करावे लागतात, आणि चौथ्याचा दरवेळी भुगा होतो. लिही — गोळी कडूजहर आहे, पोरगी माझ्या चष्म्यावर थुंकते. नेम चांगला आहे, तेही लिही."

नेम सोडून सगळं लिहिलं.

१३ मार्च, शुक्रवार

बोंबला! ज्या औषध कंपनीने अहवाल मागवलाय, तिला तज्ज्ञबाई भलत्याच आवडल्या. मंगळवारी त्यांच्याशी फोनवर बोलायचंय. साहेब खूश, मी घामाघूम.

घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "कुठले कानातले घालू?" आई, फोन आहे, कुणाला दिसणार नाहीत! "मला तर कळेल ना."

१७ मार्च, मंगळवार

आजचं लिहितेच.

मीटिंगच्या खोलीत साहेब, कंपनीची संशोधनवाली बाई आणि मी. फोन स्पीकरवर. सासूबाई असल्या झोकात सुरू झाल्या! बाईने विचारलं, नव्या औषधाच्या चाचणीसाठी घरचे लोक मुलांना दर पंधरवड्याला दवाखान्यात आणतील का? "तुम्हीच या की घरी. गाडीत पोरीला हमखास आकडी येते. आणि औषध पातळ करा. गोळी शोधणाऱ्याने कधी मूल सांभाळलेलं नाही." बाई भराभर लिहून घेत होती. मी गालातल्या गालात हसत होते.

तेवढ्यात फोनमधून भुंग्याची गुणगुण थांबली. मला तेवढं पुरलं — आकडी!

"थांबा हं," सासूबाई म्हणाल्या. काहीतरी पडल्याचा आवाज. मग संथपणे, "आले गं. हे बघ, आजी इथेच आहे. एक मिनिट झालं..."

साहेब पुटपुटले, "हे काय चाललंय?" माझ्या मुठीत पेन. दोन मिनिटं. तीन. चार. सासूबाई मोजतायत, आणि मी टेबलाशी बसून नोंदी घेतेय! पाच झाली आणि मी ओरडले, "आई, नाकातलं औषध! वरच्या कप्प्यात!"

"माझ्या हातातच आहे गं. ओरडू नकोस."

आणखी दोन मिनिटांनी भुंगा शांत झाली. मी पर्स उचलली आणि पळत सुटले.

१९ मार्च, गुरुवार

भुंगा ठीक. काल दिवसभर झोपली.

साहेबांनी खुलासा मागितला, लेखी. "तुम्ही मला मूर्ख बनवलंत." मी म्हटलं, अर्धंच, सर. तज्ज्ञ खऱ्याच आहेत. त्यांना हसू आलं नाही. बरोबरच आहे, मीच जरा आगाऊपणा केला. पण जागेवर येऊन साचा उघडला, तर अडथळ्यांतली रुग्णसंख्येची ती ओळ गायब! शेजारचा म्हणाला, साहेबांनीच खोडली.

२७ मार्च, शुक्रवार

कंपनीच्या बाईचा फोन. चाचणीचं औषध पातळच देणार, आणि नर्स घरोघरी जाणार. शिवाय घरच्या लोकांशी बोलायला त्यांना अनुभवी माणूस हवंय. नोकरीच! मी लाजून म्हटलं, विचार करून सांगते.

"तुम्ही नाही हो," बाई म्हणाली. "तुमच्या सासूबाई."

अहवाल लिहिला कुणी? मी! सासूबाई आधी पोट धरून हसल्या, मग म्हणाल्या, "पोरीला कोण बघेल? मला नाही जमायचं." वयाच्या एकसष्टाव्या वर्षी पहिली नोकरी चालून आली, आणि यांना नाही जमायचं! मी म्हटलं, जायचं म्हणजे जायचं. "आणि तिला?" मी बघेन. "तुला अनुभव कमी आहे," त्या म्हणाल्या. थट्टेतच. पण लागलं.

६ एप्रिल, सोमवार

राजीनामा दिला. आज माझा घरी पहिला दिवस, सासूबाईंचा नोकरीवर. अकराला समोरच्या शाळेची मधली सुट्टी झाली. पोरांचा कल्ला ऐकून भुंगा सरकत सरकत खिडकीशी गेली आणि खदखदून हसली. सासूबाईंना फोन केला. "हो, रोजच हसते की!" म्हणाल्या.

सहा वर्षं. मला माहीतच नव्हतं.