वरातीचा मॅक्रो आणि हिरासिंग मामांचा ढोल

दिग्रस

आदरणीय शामदादांना धाकट्या चुलतभावाचा, बादलचा, वाकून रामराम. पुण्यात तुमची तब्येत ठणठणीत असेल, वहिनींचा गुडघाही आता वळत असेल. इकडे आपली बहीण राखी सासरी सुखरूप पोचली. तुम्हाला सुटी मिळाली नाही म्हणून लग्नाचं सविस्तर लिहितो. (दोष तुमचाच, एका बटणावर सगळं काम उरकणारा तो एक्सेलचा मॅक्रो तुम्हीच शिकवला.)

कोणता पाहुणा कुठं उतरवायचा ते मी एक्सेलमध्ये बसवलं होतं. एकाखाली एक नावं. प्रत्येक नावाचा सेल, म्हणजे चौकट, ॲरेत म्हणजे मॅक्रोच्या यादीत ठेवला, ॲरेतल्या प्रत्येक सेलला एक खोली जोडली. बटण दाबलं की चिठ्ठ्या छापून बाहेर! सगळं झाल्यावर बा म्हणाले, "नावं गावाप्रमाणं लाव नं, बरी दिसतात." लावली, अन् मग बटण दाबलं. पण दादा, ॲरेत मी माणूस ठेवलाच नव्हता, त्याची जागा ठेवली होती. माणसं सरकली, जागा तिथंच. (एसटीत रुमाल टाकून सीट धरावी अन् परत येऊन पाहावं तर रुमालावर भलताच बसलेला, तसं.) चिठ्ठ्या वाटून झाल्यावर कळलं, बँडवाले लॉजच्या एसी खोलीत गेले, अन् नवरदेवाचे हिरासिंग मामा, जे साखरपुड्याला जिलेबी गार लागली म्हणून भरल्या पंगतीतून उठून गेलेले, ते शाळेच्या खोलीत, बँडच्या सामानाशेजारी!

बा माझ्यावर ओरडले. "आता वरात वापस जाते! तू काहून हात लावला त्या मशीनले?" आम्ही हात जोडतच शाळेकडे पळालो, तर आतून ढोलाचा दणका. मामा कोट खुंटीला टांगून, गळ्यात ढोल अडकवून वाजवून राह्यले होते! "कालेजात वाजवत होतो, मग संसारात सुटलं," ते घाम पुसत म्हणाले. "आता मले एसीत नेलं त याद राखा!" इकडे बँडवाले एसीत असे पसरले, की दार ठोकूनही उठेनात. वरात मामांच्याच ढोलावर निघाली. जन्मात कधी पाय न हलवलेले आपले बा त्यात नाचले.

मामांची मुलगी वर्षा दारव्ह्याला कॉम्प्युटर शिकवते. तिनं माझा मॅक्रो पाहिला अन् पोट धरून हसली. "सेल कायले ठेवता? नाव ठेवा. अन् खोली नावाच्याच ओळीत लिहा, मंग ओळी कितीबी हलवा, संगंच जाते." मी लगेच आणखी दोन चुका काढून दाखवल्या. (त्या तेवढ्यात मुद्दाम केल्या होत्या.)

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
बादल

ता. क. : येत्या रविवारला जोडून सुटी काढाच. बोरी अरबला मामांकडे जाऊन वर्षासाठी माझी गोष्ट काढायची आहे. बा लाजतात.

ता. क. दुसरा : तिथं मॅक्रोचं नाव काढू नका. मामा गावभर सांगून राह्यले, "त्या पोरानं माह्यातला कलाकार वळखला, अन् जाणूनच मले ढोलापाशी उतरवलं." वर्षाला खरं माहीत आहे. पण बापानं हे सांगितलं, की तीच आधी मान डोलावते.